सूत्र पाठ, पण बल्ब लागेना

प्रश्न : मॅडम, मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. ओहमचा नियम घडाघडा लिहिणारी मुलं प्रयोगाच्या टेबलाशी गांगरतात. उलट जिचा हात सफाईनं चालतो, ती मुलगी लेखी परीक्षेत जेमतेम पास होते. तोंडी, प्रयोग, प्रकल्प असं सगळं घ्या म्हणतात. एवढा वेळ कुठून आणू? आणि अशा गुणांत पक्षपात होणार नाही का?
– एक शिक्षिका

उत्तर : सगळं घेऊच नका. या धड्यातलं नेमकं काय मुलांना आलंय हे बघायचंय, ते आधी ठरवा आणि त्यावरून पद्धत निवडा.

तुमच्या ओहमच्या नियमाचंच बघू. विद्युतदाब, प्रवाह आणि रोध यांच्या त्या सूत्रात आकडे घालता येतात का, हे लेखी गणितातून कळतं. प्रवाह परिपथात कसा वाहतो हे उमगलंय का, ते मात्र त्यातून कळत नाही. त्यासाठी मी कोरा कागद द्यायचे. एक घट, टॉर्चचा एक बल्ब, वायरचा एकच तुकडा. बल्ब लागेल अशी आकृती काढा. घटापासून बल्बच्या बुडापर्यंत एक रेघ ओढून बरेच जण मोकळे होतात. बल्बला जोडणीच्या दोन जागा असतात, एक बुडाचं टोक आणि दुसरी बाजूची धातूची कड, हे त्यांनी कधी निरखलेलंच नसतं. पाच मिनिटांचं काम. कागद चाळले की उद्या काय शिकवायचं ते कळतं. याला गुण देऊ नका.

दुसरा माझा आवडता प्रकार म्हणजे आधी अंदाज, मग प्रयोग. दोन सारखे बल्ब एकसर जोडणीत, म्हणजे एकाच वाटेवर एकापुढे एक, लावणार आहोत. कुठला जास्त उजळ दिसेल? अंदाज आणि कारण, दोन्ही आधी वहीत लिहून घ्यायचं. ‘पहिला, कारण तो प्रवाह वापरून टाकतो’ हे उत्तर हमखास येतं. बल्ब सारखे असले तरी थोडाफार फरक असतोच. त्यामुळे कधी खरंच एक जास्त उजळतो आणि वर्ग ओरडतो, ‘बघा!’ इथे तुम्ही गप्प राहा. बल्बांची अदलाबदल करून बघू या, असं कोण सुचवतं ते टिपा. तुमची ती जेमतेम पास होणारी मुलगी इथे सापडेल, असा माझा कयास आहे.

बहुपर्यायी प्रश्नांना उगाच नावं ठेवतात. चुकीचे पर्याय मुलांच्या खऱ्या गैरसमजांतून आलेले असले, तर ते चांगलंच काम करतात. अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ हेस्टेनिस आणि सहकाऱ्यांनी बलाच्या संकल्पनेवर अशी चाचणी तयार केली. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनी ती आपल्या विद्यार्थ्यांना दिली, तेव्हा अवघड गणितं सोडवणारी मुलंही साध्या प्रश्नांवर अडखळली. तिथे गत ती, तर आपल्या नववीचं काय घेऊन बसलात!

प्रयोगाच्या तासाला सगळ्यांकडे बघू नका. आज सहा-सात जण, आणि एकच गोष्ट : प्रवाह मोजणारा अ‍ॅमीटर एकसर लावला का? पुढच्या वेळी शून्यांक त्रुटी, म्हणजे प्रवाह नसतानाही काटा शून्यावर नसणं, ती पाहिली का? तीन वाचनं शेवटच्या आकड्यापर्यंत तंतोतंत जुळली, तर जरा संशय घ्या.

घरून सजून येणाऱ्या प्रकल्पांवर माझा फारसा विश्वास नाही. ‘यातलं आधी काय चाललं नाही, मग काय बदललंत?’ एवढं विचारा. स्वतः केलेलं मूल यावर बोलत सुटतं.

पक्षपाताची भीती रास्त आहे. निकष प्रयोगाआधी फळ्यावर लिहा. निष्कर्ष वाचनांवरून काढला तर दोन गुण, नुसता पुस्तकातला उतरवला तर शून्य, इतकं उघड. शेरे आणि गुण एकत्र देणंही टाळा. शिक्षण-मानसशास्त्राच्या अभ्यासक रूथ बटलर यांच्या १९८८ सालच्या अभ्यासात नुसते शेरे मिळालेली मुलं सुधारली; शेऱ्यांसोबत गुणही मिळालेल्यांत तशी सुधारणा दिसली नाही. मुलं आकडा बघून वही मिटतात, हे तुम्हीही पाहिलं असेलच.

नोंदींसाठी वेगळं रजिस्टर नको. हजेरीच्या यादीची एक प्रत घ्या, नावापुढे तारीख आणि एक ओळ लिहा : ‘अ‍ॅमीटर समांतर लावला, स्वतःच सुधारला.’ ज्या नावापुढची जागा रिकामी राहिली, पुढच्या तासाला आधी त्याच्या टेबलाशी जा.