२५० स्क्वेअर फुटात नऊ माणसं

मागच्या अंकात घरातल्या अडचणी लिहून पाठवा म्हणलं होतं, तर निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयाची आली, घर लहान आणि माणसं जास्त. सगळी छापणं शक्य नाही म्हणून तीन निवडलीत, पण बऱ्याच जणींना आपलंच पत्र वाचतोय असं वाटेल.

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही औसा तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावात राहतो. भूकंपानंतर सासऱ्यांना २५० स्क्वेअर फुटाचं घर मिळालं, तेव्हा घरात चौघं होते, आता आम्ही नऊ जण आहोत. आजेसासू, सासू-सासरे, माझे मालक, मी, आमची दोन लेकरं (मुलगी नववीला, मुलगा पाचवीला), आणि धाकटे भाऊजी आणि जाऊबाई, त्यांचं लग्न मागच्या वैशाखात झालं. पुढं एक खोली, मागं स्वयंपाकघर, आणि दारापुढं पत्रे टाकून पडवी केलीय. नव्या जोडप्याला झोपायला स्वयंपाकघर दिलंय त्यामुळं पहाटे चहा ठेवायला पण जाता येत नाही. पुढच्या खोलीत लग्नात आलेला पलंग आणि भिंतीला सोयाबीनची १८ पोती, भाव येईल म्हणून ठेवलीत. रोज कशावरून तरी माझी न जावेची कुरबुर होते. ती वाईट नाही हो, मी पण नाही, पण पाय ठेवायला जागा नसली की तोंडातून शब्द जातोच. वर बांधायला पैसा नाही. काय करावं?
एक मोठी सून

उत्तर : बाई, जाऊ वाईट नाही हे तुम्ही स्वतःहून लिहिलंत तिथंच माझं अर्धं काम झालं. तुमच्या भांडणाचं कारण त्या खोलीत आहे, तुमच्या दोघींत नाही.

तुमच्या घराचं माप असं का आहे हे जावेला कदाचित माहीत नसेल, ती तेव्हा जन्मली पण नसेल. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, सगळी झोपेत असताना किल्लारी भागातली जाड दगड-मातीच्या भिंतींची आणि वर मातीचं माळवद असलेली घरं माणसांच्या अंगावर आली. नंतर जी नवी गावं वसवली तिथं घर मिळालं ते जमिनीच्या हिशोबानं, भूमिहीन आणि कमी जमीनवाल्याला २५०, मधल्याला ४०० आणि मोठ्या शेतकऱ्याला ७५० स्क्वेअर फूट. म्हणजे जमीन कमी त्याला घर लहान, पण लेकरंबाळं काही जमिनीच्या हिशोबानं होत नाहीत, त्यामुळं तीस वर्षांत लहान घरांचीच जास्त ओढाताण झाली. हे मी एवढ्यासाठी सांगायले की तुमचं घर तुमच्या कुणाच्या चुकीनं लहान नाही, आणि त्यावरून एकमेकींना बोलणं आधी थांबवा.

आता कामाचं. सगळ्यात आधी ती पोती बाहेर काढा. भाव येईपर्यंत माल ठेवायचा हे बरोबरच आहे, पण तो तुमच्या उशाला कशाला? बऱ्याच बाजार समित्यांत पणन मंडळाची शेतमाल तारण योजना चालते, त्यात सोयाबीन त्यांच्या गोदामात ठेवायचं आणि मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यायचं, सहा महिन्यांसाठी, वर्षाला ६ टक्के व्याजानं. सातबाऱ्यावर पिकाची नोंद लागते. भाव आला की माल विकायचा आणि कर्ज फेडायचं. भाऊजींना एकदा बाजार समितीत चौकशीला पाठवा, घरात एक अख्खी भिंत मोकळी होईल आणि हातात थोडा पैसा पण येईल.

पोत्यांवरूनच एक महत्त्वाचं, आणि हे सगळ्याच वाचकांनी नीट ऐका. ज्या खोलीत माणसं झोपतात तिथल्या धान्यात दुकानातून आणलेल्या विषारी गोळ्या, त्या अल्युमिनियम फॉस्फाइडच्या, कधीही ठेवू नका. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू निघतो आणि दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत रात्रीतून माणसं दगावतात, लहान लेकरं आधी. ज्वारी-गहू कडक उन्हात दोन दिवस वाळवा, कडुनिंबाचा वाळला पाला घाला, घट्ट झाकणाच्या कोठीत भरा, वर्षभर चांगलं राहतंय.

मग पलंग. सहा बाय सहाचा असंल तर ३६ स्क्वेअर फूट, म्हणजे तुमच्या घराचा सातवा हिस्सा दिवसभर एकाच वस्तूनं अडवलाय, आणि झोपणारी माणसं दोन. लग्नातली वस्तू आहे, जावेच्या माहेरची असंल तर तिला दुखेल, म्हणून हा विषय तुम्ही काढू नका, सासूबाईंना काढू द्या, आणि विकायचा म्हणू नका, पडवीत न्यायचा म्हणा. का ते पुढं सांगते. आत मात्र बाज बरी, सकाळी उभी करून भिंतीला टेकवली की खोली मोकळी. गाद्या-वाकळा गुंडाळून एका घडवंचीवर रचा, वरून धुतलेली चादर टाका, पाहुणा आला तरी लाज वाटत नाही.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. नवं जोडपं कुठं झोपतंय ते तुम्ही लिहिलं, पलंग कुठं, पोती कुठं ते लिहिलं, पण तुम्ही न तुमचे मालक कुठं झोपता ते कुठंच नाही. सासूबाई एकीकडं, लेकरं मधी आणि मालक बाहेर पत्र्याखाली असणार असा माझा अंदाज आहे. पंधरा वर्षं संसार झाला म्हणून नवरा-बायकोला दोन शब्द एकांतात बोलायला जागा नको असं थोडंच आहे! नव्या सुनेची सोय सगळे बघतात आणि ते बघायलाच पाहिजे, जुनी सून मात्र मागत नाही म्हणून तिला मिळत नाही.

म्हणून जो काही थोडा पैसा निघंल तो पडवीत घाला. कमरेएवढी विटांची भिंत, वर पत्रा किंवा जाळी, आतून कडी लागेल असं दार. तिथं तो पलंग ठेवा न ती खोली जोडप्याची करा. एक आठवडा त्यांची, एक आठवडा तुमची, हे सासूबाईंच्या तोंडून ठरवून घ्या म्हणजे कुणाला कुणाकडं मागावं लागत नाही. स्वयंपाकघर रात्री रिकामं झालं की पहाटेच्या चहाची कटकट आपोआप मिटली. बांधताना जड दगड वापरू नका, आणि खिडकी-दार काढायच्या नादात मूळ घराच्या भिंतीत दारा-खिडक्यांच्या वरून फिरणारा काँक्रीटचा पट्टा असतो तो गवंड्याला फोडू देऊ नका, भूकंपात भिंती धरून ठेवायला तो पट्टा आहे. हजार लिटरची टाकी भरली की हजार किलो वजन होतं, ती पडवीच्या पत्र्याजवळ चार विटांवर चढवायची नाही. झोपायच्या जागेच्या वर फळीवर तांब्या-पितळेची भांडी पण नकोत, तुमच्या गावाला हे मी सांगायची गरज नाही.

आणि खुंट्या. हे माझ्या माईचं. आम्ही अंबाजोगाईला दोन खोल्यांत अकरा जण होतो. एका दिवाळीला माईनं सुताराकडून अकरा लाकडी खुंट्या आणल्या आणि मोजून एका ओळीत ठोकून घेतल्या, प्रत्येकाची एक, आजोबांची पहिली, माझी शेवटची, दारामागं. त्या खुंटीवर माझं दप्तर, माझा परकर, माझी रिबीन, आणि तिथं दुसऱ्या कुणाची वस्तू दिसली की माई ती काढून खाली टाकायची, मग ती वडिलांची का असंना. दार उघडलं की माझी खुंटी झाकली जायची, त्यामुळं मला वाटायचं की घरात माझी एक लपलेली जागा आहे. कपडे बदलायला मात्र कोपरा नव्हता, मोठी बहीण साडी धरून उभी राहायची आणि मी घाई करायची, ती घाई मला अजून आठवते. म्हणून सांगते, तुमच्या नववीतल्या लेकीला एका कोपऱ्यात तारेवर जाड पडदा आजच लावून द्या. तिचे पाळीचे कापड, पॅड, आतले कपडे ठेवायला झाकणाचा एक डबा तिच्या एकटीचा. यात काही खर्च नाही.

आजेसासूबाईंना दाराजवळ झोपवा, रात्री उठावं लागतं, कुणाला ओलांडून जायला नको. सकाळच्या न्हाणीचं वेळापत्रक दारावर लिहून लावा, शाळेची लेकरं आधी, मग कामावर जाणारे, घरी राहणारे शेवटी. पाचवीतल्या पोराला लिहायला सांगा, त्यानं लिहिलं की तोच सगळ्यांकडून पाळून घेतो.

प्रश्न : जालन्यात पत्र्याची एकच मोठी खोली, आम्ही सहा जण. मार्चपासून दुपारी भट्टी होते, कुणी घरात थांबत नाही, थांबलं की चिडचिड. कूलर आणला तर अंग चिकट होतंय, उलट जास्त उकडतंय. पैसे वाया गेले का?

उत्तर : नाही गेले. कूलर खोलीच्या आत ठेवलाय ना? तो आतलीच ओली हवा फिरवत बसतो. त्याची पाठ बाहेर पाहिजे, खिडकीत किंवा दारात, आणि समोरच्या बाजूची खिडकी उघडी, म्हणजे बाहेरची कोरडी हवा गार होऊन आत येते आणि आतली निघून जाते. उन्हाळ्यात दारं-खिडक्या लावून कूलर चालवला की दमट होणारच. दुसरी खिडकी नसंल तर पत्रा न भिंतीच्या मधी जी फट असते तिथं चिंध्या कोंबल्या असतील त्या काढा, गरम हवा वर जाते न तिथून बाहेर पडते. त्या फटीला बारीक जाळी लावा, डास-पाली येत नाहीत.

पत्र्याला वरून पांढरा रंग किंवा चुना मारा, चुन्यात थोडा फेविकॉल घाला म्हणजे पहिल्या वाऱ्यात उडत नाही. पांढरा पत्रा ऊन परत फेकतो, आत दोन-तीन डिग्रीचा तरी फरक पडतो. होळीनंतर लगेच मारा, दरवर्षी मारावा लागतो. पऱ्हाट्या-तुराट्या टाकायचा सल्ला शेजारी देतील, सावली होते खरी पण खाली गॅस न वर वाळलं सरपण, मला ते पटत नाही. त्यापेक्षा पश्चिमेच्या भिंतीला घोसाळ्याचा वेल चढवा, मोरीचं पाणी त्याला सोडा.

प्रश्न : ताई, मी अकरावी सायन्सला आहे, परभणीत. घरात आठ जण, दोन खोल्या. रात्री साडेदहापर्यंत टीव्ही चालू असतो, मग लाइट बंद. मैत्रिणी ट्यूशनला लातूरला गेल्या, आमची परिस्थिती नाही. बाबा वाईट नाहीत पण त्यांना सांगायची भीती वाटते. मी कुठं बसू?

उत्तर : बेटा, लातूरला न जाता शिकणारी पोरं खूप आहेत, त्याचं वाईट वाटून घेऊ नको. पुस्तकं तीच आहेत. अभ्यासाला बैठक पाहिजे एवढं खरं, आणि ती तुला घरात मिळाली पाहिजे. रात्री भांडी झाली की स्वयंपाकघर मोकळं असतं, तिथं खाली बसून लिहायचा छोटा फोल्डिंगचा टेबल आणि नऊ वॅटचा एक बल्ब, डाव्या हाताला, म्हणजे लिहिताना हाताची सावली वहीवर पडत नाही. तू डावखुरी असलीस तर उजव्या हाताला. पहाटे चार ते सहा पण बघ, तेव्हा आठही जण झोपलेले असतात. कॉलेजच्या लायब्ररीत सुट्टीनंतर किती वेळ बसू देतात ते विचार, बऱ्याच मुली लाजून विचारतच नाहीत. भांडी-धुण्याची पाळी भावाच्या पण वाट्याला येते का ते आईला विचार, तुझा वेळ कुठं जातोय ते मला पत्रात दिसतंय.

हे पान आईच्या हातात दे, पुढचं बाबांसाठी आहे.

दादा, तुमची मुलगी तुम्हाला वाईट म्हणत नाही, तुम्हाला घाबरते. तिनं मोठी खोली मागितली नाही, लातूर मागितलं नाही. आजपासून साडेआठ ते साडेदहा टीव्ही बंद ठेवा, बातम्या तेवढ्या मोबाइलवर बघा, आवाज कमी करून. पहिले चार दिवस घरात सगळ्यांना करमणार नाही, तुम्हालाच आधी उठून बंद करावा लागेल, तुम्ही केला की कुणी काही बोलत नाही. आणि स्वयंपाकघराच्या भिंतीत तिच्या दप्तराला एक खुंटी ठोका. कुठं ठोकायची ते तिलाच विचारा.