हात आधी काढ

प्रिय पोरी,

रविवारी तू तुझ्या व्यंगचित्रांची फाइल उघडलीस आणि उघडताउघडताच म्हणालीस, "घरगुतीच आहे सगळं, किरकोळ." तू गेल्यावरही तो शब्द डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

भांडुपच्या दोन खोल्यांत पहाटे नळाला पाणी येतं, कुकर चढतो, पावणेआठची लोकल गाठायची असते आणि नेमकं तेव्हाच मुलाला आठवतं की आज शाळेत हिरवा कार्डपेपर न्यायचाय. याला किरकोळ कोण म्हणतं? असो, तो वाद आपल्या दोघींत नको.

मला खटकलं ते वेगळंच. तुझ्या चित्रांत बायको कमरेवर हात ठेवून, सासू नाक फेंदारून, नवरा पेपरामागे. ही माणसं तुझ्या घरातली नाहीत, जुन्या दिवाळी अंकांतली आहेत. मला लगेच ओळखू आली, कारण त्यांतली कितीतरी मीच काढलीत. लाटणं उगारलेली बाई तर वर्षानुवर्षं काढली. संपादकांना तीच हवी असायची, त्या मानधनातून लेकीची फी जायची, आणि त्या काळात बाईला हे काम मिळत होतं हेच पुष्कळ होतं. मी आळस केला नाही, एवढं ध्यानात ठेव. पण लाटणं उगारायला माझ्या आईला फुरसत कुठे होती? रोज सकाळी बावीस-तेवीस पोळ्या लाटायची ती. त्या हातांचं एकसुद्धा चित्र माझ्याकडे नाही, आणि आता आई नाही.

म्हणून सांगते, हात आधी काढ. चेहरा मागाहून. कणकेच्या हातांनी फोन घेता येत नाही, तेव्हा बाई कोपराने स्पीकर चालू करते आणि पायाने फ्रिजचं दार लोटते. एवढं नीट काढलंस तर खाली संवाद कशाला हवा? शि. द. फडणीसांची चित्रं पुन्हा काढून बघ. शब्दाविना हसवतात, कारण त्यांतली वस्तू न् वस्तू नेमकी असते.

कॅनडातली व्यंगचित्रकार लिन जॉन्स्टन गरोदर होती तेव्हा तिच्या डॉक्टरांनी तपासणीच्या टेबलावरच्या छतासाठी तिला चित्रं काढायला सांगितली. तिने 80 काढली आणि 1973 साली त्यांचं पुस्तक झालं. तिथे आडवं पडून छताकडे बघत बाईला कसं वाटतं, हे तिला कोणी समजावून द्यायला नको होतं. तूही तशी पडली आहेस ना? मग ते कुठाय फाइलमध्ये?

सासूबाईंनी चित्रात स्वतःचा अंबाडा ओळखला आणि दोन दिवस अबोला धरला, म्हणून तू आता घाबरलीस. अंबाडा पुसू का, विचारतेस. अगं, त्यांचे हात काढ! डबा रुमालात बांधताना त्या गाठ दोनदा ओढून बघतात, हे तूच मला हसत हसत सांगितलंस, आणि चित्रात त्याचा पत्ता नाही. नवऱ्याचेही हात काढ, डायपरची पट्टी उलटी लावणारे. हात आधी, किती वेळा सांगू?

पुढच्या रविवारी ये. वहीत नुसते हात हवेत, वीस तरी. आणि सासूबाईंनी बांधून दिलेला डबा घेऊन ये. वाटेत सोडू नकोस, मला ती गाठ बघायचीय.

तुझी,
मावशी