तुमचे प्रश्न : मेडिकलची अॅडमिशन आणि दरवर्षी बदलणारे नियम

मागच्या अंकात मेडिकल प्रवेशाबद्दल प्रश्न पाठवा असं म्हटलं आणि पत्रांचा, मेलचा नुसता ढीग आला. बरेच प्रश्न एकसारखेच आहेत म्हणून सगळे छापत नाही, जे प्रश्न सगळ्यांच्या कामाचे आहेत तेवढे घेतलेत. नावं, गावं मुद्दाम मोघम ठेवली आहेत.

मुलाला नीटला (मेडिकलच्या देशभरातल्या प्रवेश परीक्षेला) ५४० मार्क आहेत. शेजारच्यांच्या मुलाला २०२४ ला ६३० होते तरी सरकारी कॉलेज मिळालं नाही, त्यामुळे घरात सुतक असल्यासारखं वातावरण आहे. रिपीट करू द्यावं का? – एक पालक, लातूर

आधी घरातलं सुतक संपवा! तुम्ही मार्कांची तुलना मार्कांशी करताय, तिथेच सगळा घोळ होतोय. २०२४ चा पेपर आठवा, ४ जूनला निकाल लागला तेव्हा तब्बल ६७ मुलांना ७२० पैकी ७२०, मग ग्रेस मार्कांचा गोंधळ, १५६३ मुलांचे ग्रेस काढून घेतले आणि २३ जूनला फेरपरीक्षा, कोर्टात केसेस, शेवटी सुधारित निकालात पैकीच्या पैकी वाले १७ उरले. त्यावर्षी ६३० म्हणजे गर्दीतला एक आकडा होता. २०२५ ला फिजिक्सने असा काही घाम काढला की देशात पहिल्या आलेल्या मुलालाच ६८६ होते. शिवाय कोविडपासून जे ऑप्शनचे प्रश्न मिळायचे, २०० मधले १८० सोडवा, तेही गेले आणि वीस मिनिटं जास्तीची मिळायची तीही गेली. परत सरळ १८० प्रश्न, १८० मिनिटं. त्यामुळे आदल्या वर्षीच्या कटऑफपेक्षा शंभरेक मार्क कमी असलेली मुलं २०२५ ला आरामात सरकारी कॉलेजात गेली. मुलाचा पेपर कुठल्या वर्षीचा हे तुम्ही लिहिलं नाहीये, पण २०२५ चा असेल तर ५४० हे हसायचे मार्क आहेत, रडायचे नाहीत.

तेव्हा मार्क बाजूला ठेवा आणि दोन आकडे बघा, ऑल इंडिया रँक आणि राज्याच्या मेरिट लिस्टमधला नंबर. त्या नंबरवर, तुमच्या कॅटेगरीत, मागच्या दोन-तीन वर्षांत कुठलं कॉलेज मिळालं ते काढा. आणि मध्ये नवीन कॉलेजंही आलीत हे विसरू नका, ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकदम दहा सरकारी कॉलेजं सुरू झाली, जालना, हिंगोली, वाशिम, बुलढाणा, गडचिरोली वगैरे, एमबीबीएसच्या ९०० जागा वाढल्या. रिपीटचा निर्णय प्रवेशाचे सगळे राऊंड संपेपर्यंत घेऊच नका.

आम्ही मराठा. मोठ्या मुलीच्या वेळी ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) काढलं होतं, आता धाकटीला एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) काढा म्हणतात, कोणी म्हणतं कुणबी काढा, सेतूवाला म्हणतो तिन्ही काढून ठेवा. डोकं फिरायची वेळ आलीय. – एक आई, सातारा जिल्हा

ताई, डोकं तुमचं एकटीचं नाही फिरलेलं. गेल्या काही वर्षांत हा नियम जितक्या वेळा बदलला तितक्या वेळा दुसरा कुठलाच बदलला नसेल. २०१८ ला मराठा आरक्षणाचा कायदा आला, १६ टक्के, हायकोर्टाने तो शिक्षणासाठी १२ वर आणला, ५ मे २०२१ ला सुप्रीम कोर्टाने सगळाच रद्द केला, मग मराठा मुलं ईडब्ल्यूएसमधून जायला लागली (तुमच्या मोठीचं बहुतेक तेव्हाचंच असणार), आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नवा कायदा, १० टक्के एसईबीसी. त्यालाही कोर्टात आव्हान आहेच. एका घरातल्या दोन बहिणी, जात तीच, शेत तेच, आणि दोघींची कॅटेगरी वेगळी, हे फक्त आपल्याकडेच घडू शकतं.

आता कामाचं. सरकारी कॉलेजांतल्या ८५ टक्के जागा राज्याच्या, त्यांच्यासाठी तुमची मुलगी एसईबीसी. आता स्वतंत्र आरक्षण असल्यामुळे राज्याच्या कोट्यात मराठा मुलांना ईडब्ल्यूएस चालत नाही. पण १५ टक्के ऑल इंडिया कोटा केंद्राचा, तिथे एसईबीसी नावाची गोष्टच नाही. केंद्राच्या यादीत मराठा नाही, म्हणून तिथे उत्पन्न-मालमत्तेच्या अटीत बसत असाल तर ईडब्ल्यूएस चालतं, पण ते केंद्राच्या नमुन्यातलं पाहिजे. म्हणजे सेतूवाला अर्धा बरोबर आहे, एकाच मुलीला दोन वेगळे दाखले खरंच लागतात. एसईबीसीला जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेअर (उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला) आणि व्हॅलिडिटी (समितीने जातीचा दाखला तपासून दिलेलं प्रमाणपत्र), आणि ऑल इंडियाला केंद्राचं ईडब्ल्यूएस. नॉन क्रिमिलेअर त्यावर लिहिलेल्या वर्षाच्या ३१ मार्चला संपतं, त्यामुळे फेब्रुवारीत काढून ठेवलेलं जुलैत चालेलच असं नाही, हे दरवर्षी कोणीतरी विसरतं आणि मग रडारड.

कुणबीचं म्हणाल तर नोंद खरोखर असेल तरच त्या वाटेला जा. ती ओबीसीत येते, राज्यात आणि केंद्रातही चालते, फायदा आहेच. पण दाखला मिळणं आणि व्हॅलिडिटी मिळणं यात फार अंतर आहे. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा प्रवेश निर्गम उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, असलं काहीतरी. जुनी नोंद मोडीत असते, मग मोडी वाचणारा शोधा, त्याच्याकडून लिप्यंतर करून घ्या, मग कळतं की उताऱ्यावर पणजोबांचं नाव 'धोंडी' आणि वंशावळीत 'धोंडिबा', की तेवढ्यावर समितीची त्रुटी लागलीच! रक्ताच्या नात्यात, वडिलांकडून, कोणाला आधीच व्हॅलिडिटी मिळालेली असेल तर काम सोपं होतं, तर आधी भाऊबंदांना फोन लावा, बोलणं बंद असेल तरी लावा. मुलगी अकरावीत असतानाच फाइल टाका. काही वर्षी सरकारने व्हॅलिडिटीसाठी मुदत वाढवून दिली हे खरं, पण त्यावर विसंबून राहू नका, वेळेत नाही आली तर मुलगी ओपनमध्ये ढकलली जाते आणि तिथला कटऑफ तुम्हाला माहितीच आहे.

आणि एक, मुलगी आहे म्हणून सांगते. जुलै २०२४ च्या जीआरप्रमाणे ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) मिळालेल्या सीटवर ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. खाजगी कॉलेजात असली तरी. संस्थेच्या कोट्यातून घेतलीत तर मात्र नाही. खाजगी मेडिकलची फी बघता हा फरक अख्खं घर विकण्याचा की न विकण्याचा असतो, तेव्हा उत्पन्नाचा दाखला वेळेत काढा.

मुलाची दहावी पुण्यात झाली, अकरावी-बारावी राजस्थानात, कोट्याला. डोमिसाईल महाराष्ट्राचंच आहे. सुप्रीम कोर्टाने डोमिसाईलची अट काढली असंही ऐकलं. मग प्रॉब्लेम नाही ना? – एक वडील, पुणे

प्रॉब्लेम आहे, आणि मोठा आहे. राज्याच्या ८५ टक्क्यांसाठी नुसतं डोमिसाईल पुरत नाही, दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून पास पाहिजे. केंद्र किंवा राज्य सरकारच्या नोकरीत बदलीमुळे बाहेर गेलेल्यांच्या मुलांना वगैरे सवलती आहेत, सीमाभागातल्या ८६५ मराठी गावांसाठी वेगळी तरतूद आहे, पण 'क्लास चांगला होता म्हणून कोट्याला पाठवला' याला सवलत नाही. तिकडच्या क्लासवाल्यांनी डमी (नुसत्या नावापुरत्या) शाळेत नाव घालताना हे सांगितलं नसणार, त्यांना काय पडलंय.

कोर्टाचं जे ऐकलंत ते २९ जानेवारी २०२५ चं आहे आणि ते पीजीचं आहे, म्हणजे एमडी-एमएसला राज्याच्या कोट्यात रहिवासावर आरक्षण देता येणार नाही असं. एमबीबीएसला त्याने काही फरक पडला नाही. आपल्याकडे बातमीचं हेडिंग व्हॉट्सअॅपवर फिरतं, खालची बातमी कोणी वाचत नाही.

मुलाला आता ऑल इंडियाच्या १५ टक्के जागा, डीम्ड (अभिमत विद्यापीठांची कॉलेजं) आणि संस्थेचा कोटा एवढे रस्ते उघडे आहेत. डीम्डची फी वर्षाला वीस-वीस लाखांच्या वर जाते, तेव्हा भर रँकवरच द्यायला लागेल. धाकटं भावंड असेल तर त्याचं नाव तरी इथल्याच कॉलेजात घाला, क्लास कुठला लावायचा तो लावा.

बारावीला मॅथ्स ग्रुप होता, नंतर बायो वेगळं देऊन पास झाले. वय २७. चालेल का? – ठाणे

चालेल. अॅडिशनल बायो घेऊन पास झालेल्यांना २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये एनएमसीने (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने) परवानगी दिली, त्याआधी चालत नव्हतं. वयाची वरची मर्यादा २०२२ मध्येच गेली. अभ्यासाला लागा.

मी २०१६ ची बारावी. आमच्या वर्षी जे झालं त्यानंतर माझा या सिस्टीमवरचा विश्वास उडाला, मी बीएएमएसला (आयुर्वेदाला) गेले. आता भाऊ तयारी करतोय आणि मला भीती वाटते की ऐनवेळी परत काहीतरी बदलेल. तुम्हाला नाही वाटत हे चूक आहे? – एक डॉक्टर, अकोला

वाटतं ना. तुमच्या वर्षाचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. २०१३ ला नीट झाली, जुलैत सुप्रीम कोर्टाने रद्द केली, २०१४ आणि २०१५ ला आपली सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) परत. मुलं निवांत स्टेट बोर्डाच्या पुस्तकातून सीईटीची तयारी करतायत, निगेटिव्ह मार्किंग नाही, आणि २८ एप्रिल २०१६ ला कोर्ट म्हणतं यंदापासूनच नीट, पहिला टप्पा १ मे. तीन दिवसांवर! ५ मेला आपली सीईटी होती ती पोरांनी दिली, पण ती धरणार की नाही हे पेपर देताना कोणालाच माहीत नव्हतं. मग ९ मेला कोर्टाने परत नीटच म्हटलं, मग मे अखेरीस केंद्राचा वटहुकूम, त्या वर्षापुरती राज्याच्या जागांना सीईटी चालेल, डीम्डला मात्र नीट, तिचा दुसरा टप्पा २४ जुलैला. जवळपास महिनाभर एनसीईआरटी (केंद्राची पुस्तकं, नीटचा अभ्यास त्यातून) उघडायचं की मिटायचं हेच ठरत नव्हतं. लातूर-नांदेडच्या क्लासेसनी रातोरात नोट्स बदलल्या, ज्यांच्या गावात क्लासच नव्हता त्यांनी काय करायचं?

माझं म्हणणं विचाराल तर नीट आली हे एका अर्थाने बरंच झालं, खाजगी कॉलेजांच्या वेगवेगळ्या परीक्षा आणि त्यामागचे व्यवहार आठवतात मला. नियम बदलू नयेत असं नाही. ७०:३० चंच घ्या, ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना आणि ३० टक्के राज्यभरासाठी, यात मराठवाड्यावर अन्याय होत होता, कॉलेजं कमी म्हणून तिथल्या मुलाला जास्त मार्क पडूनही सीट नाही. ती पद्धत काढली ते योग्यच. पण कधी काढली? सप्टेंबर २०२० मध्ये, ८ तारखेला घोषणा आणि १३ ला नीट. मुलं अकरावीला बसतात तेव्हा दोन वर्षांचा हिशोब करून बसतात, क्लास कुठे, हॉस्टेल कुठे, बोर्ड कुठलं. म्हणून जो नियम बदलायचा तो त्या वर्षी अकरावीत जाणाऱ्यांपासून लावा ना, आधीच्यांना जुनाच राहू दे. एवढी साधी गोष्ट सरकार आणि कोर्ट दोघांनाही का सुचत नाही मला कळत नाही.

भावाला सांगा, अभ्यास एनसीईआरटीचा करायचा, तो कुठल्याही नियमात वाया जात नाही. बाकीची भीती तुम्ही वाटून घ्या, म्हणजे सीईटी सेलची (राज्याचे प्रवेश) आणि एमसीसीची (ऑल इंडियाचे प्रवेश) वेबसाइट तुम्ही रोज बघा, त्याला बघू देऊ नका.

एजंट म्हणतो जॉर्जियात इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांत डॉक्टर, इथे येऊन लगेच प्रॅक्टिस. खरं का? – सोलापूर

नाही. नोव्हेंबर २०२१ पासूनचा नियम असा की बाहेर कमीत कमी ५४ महिन्यांचा कोर्स, तोही इंग्रजीतून, आणि त्याच्यावर त्याच देशात १२ महिन्यांची इंटर्नशिप. साडेचार वर्षं म्हणजे ५४ महिने, पण ते इंटर्नशिप सोडून. एजंट दोन्ही एकात कोंबतोय. जाण्याआधी नीट क्वालिफाय पाहिजे, परत आल्यावर स्क्रीनिंग परीक्षा पास व्हायची, ती बरेच जण पहिल्या झटक्यात पास होत नाहीत, आणि इथली इंटर्नशिप राहिलीच. पैसे भरायच्या आधी त्या युनिव्हर्सिटीचा कोर्स किती महिन्यांचा, इंटर्नशिप वेगळी आहे का, हे युनिव्हर्सिटीकडूनच लेखी मागवा, एजंटच्या लेटरहेडवर नको.

पहिल्या राऊंडला घरापासून लांबचं सरकारी कॉलेज लागलंय. घेऊन ठेवावं की दुसऱ्या राऊंडची वाट बघावी? स्टेटस रिटेन्शन म्हणजे काय? – एक विद्यार्थिनी, नाशिक

घे. जॉइन हो, ओरिजिनल कागद जमा कर, फी भर. पण स्टेटस रिटेन्शन फॉर्म भरू नकोस, तो भरलास तर 'मला हीच सीट पाहिजे' असा अर्थ होतो आणि पुढच्या राऊंडमधून तू बाहेर. सीनियर सांगतात 'भरून टाक, सगळेच भरतात', भरू नकोस.

दुसऱ्या राऊंडच्या प्रेफरन्समध्ये आत्ताच्या कॉलेजपेक्षा जी खरंच जास्त आवडतील तेवढीच टाक. कारण वरचं काही लागलं की आधीची सीट आपोआप दुसऱ्याला जाते, मग 'मला जुनंच द्या' चालत नाही, आणि नाहीच काही लागलं तर आहे ती तुझीच. ऑल इंडियातही नाव टाकलं असशील तर तिथे सांभाळून, तिसऱ्या राऊंडला सीट घेऊन जॉइन झालीस की राजीनामा देता येत नाही, आणि शेवटच्या, स्ट्रे राऊंडला लागलेली सोडलीस तर डिपॉझिट जातं, वर पुढच्या वर्षी परीक्षेलाही बसू देत नाहीत.

सरकारी सीट म्हणजे नंतर एक वर्षाचा सरकारी सेवेचा बाँड, नाही केला तर १० लाख दंड. लांब आहे म्हणून तू घाबरली आहेस, पण कॉलेजच्या हॉस्टेलला जागा आहे का हे रिपोर्टिंगच्या दिवशीच विचार, नवीन कॉलेजांत हॉस्टेल अजून भाड्याच्या इमारतीत असतं. बाबांना सोबत ने, कागदांचे झेरॉक्सचे तीन सेट ने.