नैतिकता वस्तुनिष्ठ असते का? असेल तर ती येते कुठून?

माझ्या मते असते. आमच्या कोल्हापूरचंच बघा. गंगाराम कांबळे यांनी चहाचं दुकान काढलं, तर 'अस्पृश्याच्या' हातचा चहा म्हणून गिऱ्हाईक फिरकेना. राजर्षी शाहू महाराज मुद्दाम तिथं गाडी थांबवून चहा प्यायचे, सोबतच्यांनाही पाजायचे. नैतिकता म्हणजे नुसतं समाजाचं मत असेल, तर तेव्हा महाराजच चुकले म्हणावं लागेल. हे मला कदापि पटत नाही.

येते कुठून? देवाकडून म्हणाल, तर सॉक्रेटिसचा प्रश्न उरतोच: देवाला आवडतं म्हणून ते चांगलं, की चांगलं म्हणून देवाला आवडतं? मला तिचं मूळ माणसाच्या दुःखात दिसतं. वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घेताना जो अपमान काळजाला लागतो, तो बघणाऱ्याच्या मतावर अवलंबून नसतो. उत्क्रांतीनं फार तर तो ओळखायची नजर दिली.