आधी सुटका, मग आज्ञा

प्रिय मुली,

सलाम. तुझी वही मी ठेवून घेतली आहे, परत मागू नकोस. पहाटेची प्रार्थना, शास्त्राचे पाच अध्याय, शुक्रवारचा उपवास, आणि प्रत्येकापुढे हिरवी खूण नाहीतर लाल फुली. नोव्हेंबरच्या पानावर फुल्याच फुल्या, आणि तळाशी बारीक अक्षरात लिहिलंयस, "मी अजून त्याची आहे का?" ती ओळ वाचून मला रात्री झोप लागली नाही.

पुण्यातल्या त्या हॉलमधले बंधू सांगतात, आज्ञापालन सुटलं की तारण सुटलं. तुझी रूममेट म्हणते, एकदा तारण झालं की झालं, मग कसंही वागा. या दोघांच्या ओढाताणीत तू प्रभुभोजनच, मेजावरची ती भाकर आणि प्याला, सोडून दिलंस. मला तुला एकच सांगायचंय आणि तेच मी शेवटपर्यंत सांगत राहणार: क्रम बघ.

बायबलमधलं निर्गमाचं पुस्तक काढ. इस्राएलांच्या दारांच्या चौकटींना कोकराचं रक्त लागलं, ती रात्र बाराव्या अध्यायात आहे. समुद्र दुभागला तो चौदाव्यात, मान्ना, ती आकाशातली भाकर, मिळाला सोळाव्यात. आणि दहा आज्ञा? विसाव्यात. त्यांची सुरुवातसुद्धा "तू अमुक कर" अशी नाही. मी तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणलं, हे देव आधी सांगतो. आज्ञा पाळल्या म्हणून कोणी मिसरातून सुटलं नाही. सुटलेल्या लोकांना आज्ञा मिळाल्या.

आता तू म्हणशील, मग याकोबाचं काय? कृतींवाचून विश्वास निर्जीव, असं तो स्पष्ट म्हणतो. म्हणतोच, आणि खरंच म्हणतो. धर्मसुधारक मार्टिन लूथरने 1522 च्या प्रस्तावनेत याकोबाच्या पत्राला गवताचं पत्र म्हटलं, ते मला कधीच पटलेलं नाही. अब्राहामाने विश्वास ठेवला आणि तो नीतिमान गणला गेला, हे उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात आहे. मुलाला, इसहाकाला, अर्पण करायला घेऊन तो डोंगर चढला बाविसाव्यात. प्रेषित पौल रोमकरांना लिहिताना पंधराव्याकडे बोट दाखवतो, याकोब बाविसाव्याकडे. दोघं एकाच माणसाविषयी बोलतायत. मधले सहा अध्याय गाळले की भांडण सुरू होतं. इफिसकरांच्या पत्रातही तेच: दुसऱ्या अध्यायाची आठवी-नववी ओवी सगळ्यांना तोंडपाठ, कृपेनेच तारण, कर्मांनी नाही. पण दहावी कोण म्हणतं? सत्कृत्यांसाठीच आपल्याला घडवलंय, असं तिथे लिहिलंय. क्रम बघ, बाई.

हा घोळ तुझ्यापासून सुरू झालेला नाही. कॅथलिकांच्या ट्रेंट धर्मसभेने 1547 मध्ये, माणूस केवळ विश्वासाने नीतिमान ठरतो असं मानणाऱ्यांना शापित ठरवलं. त्यानंतर साडेचारशे वर्षांनी, 31 ऑक्टोबर 1999 ला, ऑग्सबर्गमध्ये लूथरन आणि कॅथलिक मंडळींनी मिळून एका घोषणापत्रावर सह्या केल्या. त्यात काय आहे? आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे, केवळ कृपेने देव आपला स्वीकार करतो, आणि त्याचा आत्मा आपल्याला सत्कृत्यांसाठी सज्ज करतो. आधी हे, मग ते. प्रॉटेस्टंटांमध्येही एकमत कुठे होतं? देव आपल्या निवडलेल्यांना शेवटपर्यंत राखतो, असं हॉलंडातल्या डॉर्टच्या धर्मसभेने 1618–19 मध्ये ठरवलं. माणूस विश्वासापासून ढळू शकतो, असं पुढे मेथडिस्टांच्या जॉन वेस्लीने शिकवलं. मी राखून धरणाऱ्यांच्या बाजूची आहे, कारण माझ्या हातातून त्यांना कोणी हिसकावून घेणार नाही, असं प्रभू स्वतः म्हणाला. पण वेस्लीसुद्धा कृपा आधी ठेवतो, हे त्या बंधूंना सांग.

पंडिता रमाबाईंचं तुला ठाऊक आहे. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला, 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. विधवांसाठी त्या राबत होत्या, लोकांच्या शिव्या खात होत्या. कृतींचा हिशोब मांडायचा तर त्यांच्या पासंगाला आपण कुठे पुरतो? तरी त्यांनीच पुढे साक्ष लिहिली, की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी कळलं, मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळाल्यावर त्या हात जोडून बसल्या का? 1896–97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या, केडगावला मुक्ती मिशन उभं केलं.

इब्री लोकांस पत्रातल्या सहाव्या अध्यायाने तुला घाबरवलंय, ते मला दिसतंय. पतित झालेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य, हे वचन कडक आहे आणि ते मी पातळ करणार नाही. पण ते बंधू सहाव्या ओवीशी थांबले. नववी वाच. प्रियजनहो, तुमच्याविषयी आमची याहून चांगल्या गोष्टींची, तारणाच्या गोष्टींची खात्री आहे, असं तोच लेखक म्हणतो. ज्याने पाठ फिरवली तो रडत वहीत प्रश्न लिहीत नाही. तू रडतेयस.

मी हे इतकं का ताणते, ते सांगते. मी मंडळीच्या पंच कमिटीवर होते तेव्हाची गोष्ट. एका तरुणाची दारू सुटत नव्हती. सुटेपर्यंत त्याला प्रभुभोजन द्यायचं नाही, असा ठराव आला. मी एकटी विरोधात उभी राहिले आणि हरले. तो पुन्हा मंडळीत आला नाही. त्याला पुरलं तेव्हा मातीला माणसंही मोजकीच होती. मला आजही मऊ म्हणतात, शिस्त मोडणारी म्हणतात. म्हणू देत. त्या माणसाच्या दारूचं समर्थन मी एका शब्दानेही केलं नव्हतं. बरा होऊन ये, मग औषध देऊ, असं वैद्याने सांगितलं तर चालेल का, एवढंच मी त्या बैठकीत विचारलं, आणि आजही विचारते.

पण रूममेटच्या बोलण्यावर मान डोलवू नकोस. बाप्तिस्म्याचा दाखला दाखवून पाप सुखाने चालू ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांची मला चीड येते. कृपा वाढावी म्हणून पापात राहावं का, हा प्रश्न पौलाने स्वतःच विचारला आणि "कधीच नाही" असं ठणकावलं. म्हणून आता तुझ्या त्या कागदाकडे येते. खोटं अनुभवपत्र देऊन तू नोकरी मिळवलीस. वहीतले सगळे उपवास त्या एका कागदाभोवती फिरतायत, खरं ना? शंभर शुक्रवार उपाशी राहिलीस तरी तो कागद खरा होणार नाही. लोकांना लुबाडणाऱ्या त्या जकातदार जक्कयाकडे बघ. मी आज तुझ्या घरी उतरणार, असं येशू त्याला आधी म्हणाला, लोक कुरकुरले. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्याचं चौपट परत, हे जक्कय नंतर बोलला. कोणी सांगितलं नव्हतं त्याला.

म्हणशील, वेदीपाशी दान ठेवून आधी भावाशी समेट कर, असं मत्तयात आहे, मग मी अशीच भोजनाला कशी येऊ? अगं, ते आपण आणलेल्या दानाविषयी आहे. मेजावर आपण काहीच आणत नाही, तिथे तो वाढतो. आणि करिंथकरांना पौल काय लिहितो? आत्मपरीक्षण करा, आणि मग भाकर खा. घरी बसा, असं कुठे आहे?

तेव्हा या रविवारी नगरला ये आणि प्रभुभोजन घे. सोमवारी ऑफिसात जाऊन मॅनेजरला खरं काय ते सांग. उलट क्रमाने करायचं नाही, मी ऐकणार नाही. नोकरी जाईल कदाचित, मी खोटा दिलासा देत नाही. खोलीचं भाडं आणि बाबांच्या औषधांचं आपण दोघी बसून ठरवू, माझी पेन्शन आहे. बाबांना तुझ्या तोंडून कळू दे, माझ्या नको. शनिवारची कोणती एसटी धरतेयस ते कळव, स्टँडवर न्यायला येते.

तुझी,
मावशी