पंचेचाळीसच्या टाकीत सत्तेचाळीस लिटर

प्रश्न : आमची अर्टिगा २०२२ च्या शेवटची, पेट्रोलवरची. गाडी मीच चालवते. दिवाळीत वर्ध्याहून समृद्धी महामार्गाने नाशिकला माहेरी निघालो. आत सहा जण, वर कॅरियरला दोन मोठ्या बॅगा. येळाकेळीला महामार्गावर चढलो तेव्हा समोरच्या पडद्यावर ‘आणखी २६० किमी’ दिसत होतं. म्हटलं, निवांत जाऊ. पण दीडशे किलोमीटर होईपर्यंत तो आकडा ४५ वर आला आणि पिवळा दिवाही लागला. जीव मुठीत धरून एक पंप गाठला. टाकी फुल करायला सांगितली तर ४७ लिटर बसलं. पुस्तकात टाकी ४५ लिटरची लिहिली आहे. सासरे तिथंच पंपवाल्याशी भांडायला उठले. त्याने खरंच फसवलं का? आणि कंपनी लिटरला २०.५१ किलोमीटर सांगते, म्हणजे एका टाकीत नऊशेच्या वर जायला हवी. खरी किती जाते? (वर्धा)

उत्तर : ताई, आधी सासऱ्यांना चहा द्या आणि सांगा की एवढ्यावरून पंपवाला चोर ठरत नाही. हे भांडण माझ्या जालन्याच्या गॅरेजात महिन्यातून एकदा तरी येतं, बहुतेक वेळा पावतीसकट.

पुस्तकातले ४५ लिटर म्हणजे टाकीत मावणारा शेवटचा थेंब नव्हे. आपण घागर गळ्यापर्यंत भरतो, काठापर्यंत नाही, तसंच हे. पेट्रोल उन्हाने फुगतं. ४५ लिटर पेट्रोल दहा अंशांनी तापलं की अर्ध्या लिटरच्या आसपास वाढतं. त्याला आणि त्याच्या वाफेला जागा हवी म्हणून टाकी मुळातच मोठी केलेली असते. शिवाय झाकणापासून टाकीपर्यंतची नळी असते, तिच्यातही लिटरभर सहज उभं राहतं. त्यामुळे ४५ च्या टाकीत पन्नास लिटर बसलं तरी मला नवल वाटत नाही.

आता पंपावर काय होतं ते बघा. नोझलच्या टोकाशी, आतल्या अंगाला, एक बारीक छिद्र असतं. पेट्रोल वाहत असताना त्या छिद्रातून हवा ओढली जाते. टाकीतलं पेट्रोल चढून छिद्राला लागलं की हवा तुटते आणि खटका पडतो. हा पहिला ‘खट’ म्हणजे टाकी भरली. पण आपल्याकडे तो ऐकून थांबतो कोण? पोरगा नोझल थोडी वर ओढतो, हळूहळू दाबतो, ‘साहेब, राऊंड फिगर करू का’ विचारतो आणि उत्तर यायच्या आत दीड-दोन लिटर आणखी घालतो. तुमचे ४७ असेच झाले असणार. हे वरचं पेट्रोल फुकट जात नाही, पण वाफ धरून ठेवायला टाकीला जोडलेला कोळशाचा डबा असतो, त्यात पेट्रोल शिरलं तर डबा निकामी होतो. दोन महिन्यांपूर्वीच एका गाडीचा बदलला. मालकाला काठोकाठ भरायची सवय. बिल बघून सवय सुटली.

तरीही पंपावर संशय असेल तर भांडू नका, माप मागा. प्रत्येक पंपावर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप ठेवावंच लागतं, आणि ग्राहकाने मागितलं तर त्यात पेट्रोल सोडून दाखवावं लागतं. पाच लिटरला २५ मिलिलिटर इकडे-तिकडे चालतं. त्याहून कमी भरलं तर वैधमापन खात्याकडे तक्रार करता येते. मी स्वतः एकदा असंच माप मागितलं होतं. बरोबर माणसं होती, आवाजही जरा चढलेला होता. पाच लिटर अगदी रेघेवर भरलं. मग आणखी पाचशेचं पेट्रोल घालून, मान खाली घालून निघालो.

आता रेंज. तुमचा हिशोब सरळ आहे : ४५ गुणिले २०.५१, म्हणजे ९२३ किलोमीटर. कागदावर बरोबर, रस्त्यावर नाही. हा २०.५१ चा आकडा येतो कुठून? पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या चाचणी केंद्रात गाडी रोलरवर उभी करतात. चाकं जागच्या जागी फिरतात. ठरवून दिलेल्या चढउतारांनी एकूण ११८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांनाही वीस सेकंद कमी, ती ‘चालवतात’. जास्तीत जास्त वेग ताशी ९० किलोमीटर. एसी बंद. कॅरियर नाही, सासूबाईंच्या पापडांचा डबा नाही, मागच्या सीटवर भांडणारी पोरं नाहीत. एका गाडीची दुसरीशी तुलना करायला हा आकडा चांगला आहे. तुमच्या प्रवासाचा अंदाज त्यावर बांधू नका.

माझ्या पुतण्याची अर्टिगा भाड्याने फिरते, इंजिन तुमच्यासारखंच. त्याला मी वही घालून दिली आहे. त्या वहीप्रमाणे सरळ रस्त्याला ताशी ८० ने लिटरला १९ ते २० निघतात, १०० ने १६ ते १७, आणि समृद्धीवर १२० ने, एसी लावून, भरल्या गाडीला १३ ते साडेतेरा. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. त्याला वाटायचं, सरळ रस्ता, ना ब्रेक ना सिग्नल, ॲव्हरेज वाढणारच. ८० पर्यंत ते खरं आहे. पुढे हवा आडवी येते. वेग दीडपट केला की हवेचा दाब दीडपट होत नाही, सव्वादोन पट होतो. आणि तुम्ही तर डोक्यावर दोन बॅगा बांधल्या होत्या. बैलगाडीला पाल बांधून वाऱ्याच्या तोंडावर नेण्यासारखंच ते.

पडद्यावरचे २६० कुठे गेले, तेही आता कळेल. ‘आणखी इतके किलोमीटर’ हा आकडा गाडी मागच्या थोड्या अंतराच्या ॲव्हरेजवरून काढते. तुम्ही वर्ध्याकडून येळाकेळीपर्यंत साध्या रस्त्याने पन्नास-साठच्या वेगाने आलात, तेव्हा ती लिटरला अठराच्या हिशोबाने सांगत होती. पुढे तुम्ही १२० लावणार हे तिला काय माहीत? १८ ने २६० म्हणजे टाकीत धरलेलं साडेचौदा लिटर. साडेतेराच्या ॲव्हरेजने दीडशे किलोमीटरला ११ लिटर गेलं. उरलं तीन-साडेतीन, त्याचे झाले ४५ किलोमीटर. हिशोब बसला की नाही? आकडा खोटा नव्हता, शिळा होता.

शून्य दाखवल्यावरही टाकीत थोडं पेट्रोल ठेवलेलं असतं, पण त्याच्या भरवशावर राहू नका. मी राहिलो होतो. १९९८ साल, गिऱ्हाईकाची मारुती ८००, जळगावहून येत होतो. काटा लाल पट्टीच्या जरा वर. फर्दापूर सोडलं, अजिंठ्याचा घाट चढायला लागलो आणि तिसऱ्या वळणावर गाडी दोन आचके देऊन बंद. टाकी मागे, चढाला पेट्रोल सगळं मागच्या कोपऱ्यात गेलेलं आणि ओढणारी नळी कोरडी. सपाटीवर तीच गाडी आणखी दहा-पंधरा किलोमीटर गेली असती. एक ट्रक थांबला, पण त्याच्याकडे डिझेल. शेवटी एका स्कूटरवाल्याने कार्ब्युरेटरची नळी काढून पाण्याच्या बाटलीत लिटरभर पेट्रोल दिलं आणि पैसे घेतले नाहीत. धंदा मेकॅनिकचा आणि रस्त्यात पेट्रोल संपलं, हे मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या जुन्या गाडीचं यात काही बिघडलं नाही. आताच्या गाड्यांचं बिघडू शकतं. पेट्रोल ओढणारी इलेक्ट्रिक मोटर आता टाकीच्या आतच बसवलेली असते, आणि तिला थंड ठेवायचं काम भोवतालचं पेट्रोल करतं. रोज रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्याची ती मोटर लवकर बसते. म्हणून मी ४५ ची टाकी ४० चीच धरतो.

तर वहीतल्या आकड्यांनी ४० लिटरचा हिशोब करा. १२० ने जाल तर साधारण ५३० किलोमीटर. ९० ते १०० च्या मध्ये राहाल तर साडेसहाशे-पावणेसातशे. नागपूर ते आमणे हा अख्खा समृद्धी ७०१ किलोमीटरचा आहे, तो एका टाकीत करायच्या भानगडीत पडू नका. वाटेत पंप आहेत, पण गावातल्यासारखे दर वळणावर नाहीत, आणि मध्येच उतरायचं तर पुढच्या इंटरचेंजपर्यंत जावंच लागतं. काटा निम्म्यावर आला की दिसेल त्या पंपावर भरा. पोरांनाही पाय मोकळे करता येतात.

स्वतःच्या गाडीचा आकडा काढायचा असेल तर फुल टू फुल मोजा. नेहमीचा पंप, शक्यतो तेच मशीन, पहिल्या खटक्याला थांबायचं, राऊंड फिगर नाही. ट्रिप मीटर शून्य करायचा. पुढच्या वेळी तिथेच पहिल्या खटक्यापर्यंत भरायचं आणि किलोमीटर भागिले लिटर करायचं. एकदा करून भागत नाही. कधी फेसामुळे खटका आधीच पडतो, कधी गाडी जरा तिरकी उभी असते. तीन वेळा करा आणि तिन्ही वेळचे मिळून एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर करा.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलं आहे की अलीकडे ॲव्हरेज एखाद किलोमीटरने उतरलं आहे. त्याचं एक कारण इथेनॉल असू शकतं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि लिटरमागे इथेनॉलची ताकद पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलं होतं की साध्या पेट्रोलसाठी बनवून १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज यावर सहा-सात टक्के घटेल. १६ चे १५ झाले तर ऊसवाल्यांच्या नावाने बोटं मोडून सोडून द्या. १६ चे १२ झाले असतील तर ते इथेनॉल नव्हे. टायरची हवा, एअर फिल्टर, चिकटून राहिलेला ब्रेक बघा, किंवा गाडी घेऊन या.

प्रश्न : माझ्या वॅगनआरमध्ये ६० लिटरची सीएनजी टाकी आहे, पण कधी सात, कधी साडेआठ किलोच गॅस बसतो. साठ लिटरमध्ये साठ किलो नको, पण इतका कमी? (रत्नागिरी)

उत्तर : काका, ६० लिटर म्हणजे त्या सिलिंडरमध्ये पाणी ओतलं तर किती मावेल ते. गॅस दाबाने भरतात, पूर्ण दाब २०० बार. तितका मिळाला तर नऊ-दहा किलोपर्यंत जातो. पण भरताना गॅस तापतो, फुगतो, आणि मशीनला वाटतं दाब पुरा झाला. दुपारच्या उन्हात, लांब रांगेच्या शेवटी, पंपाचा स्वतःचाच दाब उतरलेला असताना सात किलो मिळाला तर त्यात पंपवाल्याची लबाडी नाही. पहाटे भरून बघा, फरक दिसेल. रेंज मोजताना लिटर विसरा, पावतीवरचे किलो धरा. पेट्रोलची टाकीही पाव भरलेली ठेवा. बहुतेक गाड्या सुरू पेट्रोलवरच होतात, आणि आतली मोटर सीएनजीवाल्यांचीच जास्त जळालेली मी पाहिली आहे. आणि सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने केलेली तपासणी, दर तीन वर्षांनी. त्याची पाटी जागेवर आहे का, तेवढं बघून घ्या.

प्रश्न : भावाची, मित्राची अशी वेगवेगळी गाडी घेऊन जावं लागतं. पेट्रोलचं झाकण कुठल्या बाजूला ते पंपावर गेल्यावर कळतं आणि मागचे हॉर्न वाजवतात. (पुणे)

उत्तर : काट्याशेजारी पंपाचं छोटं चित्र असतं. बहुतेक गाड्यांत त्याच्या बाजूला एक बारीक त्रिकोण असतो, तो ज्या बाजूला बोट दाखवतो तिकडे झाकण. चित्रातल्या पंपाच्या नळीवर जाऊ नका, ती कुठल्याही बाजूला काढलेली असते. बाण सापडला नाही तर निघण्याआधी आरशात बघा, झाकणाची चौकट दिसते. आणि तरीही चुकीच्या बाजूला लागलाच, तर नळी बऱ्याच पंपांवर डिकीवरून पलीकडे पोहोचते. फक्त पोराला रंगावरून नळी घासू नको म्हणून सांगा.