कावळ्याबद्दल तू विचारलंस ते

सई,

"इथे आयर्लंडमध्ये कावळा आला की कुणीतरी मरतं, आणि आपल्याकडे कुणी मेलं की कावळ्याला बोलावतात. असं उलटं का?" गाडीत मागून तू सहज विचारलंस. मला लागलं, कारण अण्णांचा दहावा मी फोनवरून बघत होते तेव्हा तू शेजारीच होतीस.

तुझ्या बाईंनी सांगितलेला 'बाइव' हा आयरिश शब्द खरा आहे. (स्पेलिंग बघून मी आधी 'बधभ' वाचलं होतं!) पाठपोट राखाडी, डोकं आणि पंख काळे, इथे आपल्या छपरावर बसतो तोच कावळा. जुन्या कथांत ती युद्धाची देवी, रणावर कावळा होऊन येणारी. डब्लिनच्या जीपीओत, म्हणजे मोठ्या पोस्टात, त्याच कथांतल्या कूखुलिन या योद्ध्याचा पुतळा आहे, आठवतो? मरताना पडायचं नाही म्हणून त्यानं स्वतःला दगडाला बांधून घेतलं. खांद्यावर पक्षी बसला तेव्हा कुठे शत्रूला तो गेल्याची खात्री पटली. वॉटरफर्ड-वेक्सफर्डकडे मग मरणाआधी रडणाऱ्या बाईलाही लोक तेच नाव देऊ लागले, बाकीकडे तिला बॅन्शी म्हणतात. ती म्हणे 'ओ' आणि 'मॅक'वाल्या आडनावांच्या जुन्या घराण्यांसाठीच रडते, तेव्हा तू खुशाल झोप.

आता आपलं. अण्णांची आई गेली तेव्हा मी तुझ्याएवढी होते. वाईच्या घाटावर भाताचा पिंड ठेवला, वर काळे तीळ, आणि आम्ही सगळे लांब जाऊन उभे राहिलो. पिंपळावर कावळेच कावळे, पण एक खाली येईल तर शपथ. ऊन चढलं. कुणी म्हणालं, लाडू ठेवा, तिला आवडायचे. लाडू ठेवला. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले, तेवढ्यात अण्णा हात जोडून मोठ्यानं म्हणाले, "आई, बेबीचं लग्न मी लावून देतो, तू काळजी करू नकोस." एक कावळा उतरला, तिरकी मान करून बघितलं आणि चोच मारली. अण्णा पायरीवर मटकन बसले. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

कावळ्याला भूक लागली असेल, हे मलाही तेव्हा सुचलं होतं, पण बोलायची सोय नव्हती. बेबीआत्याचं लग्न मात्र अण्णांनी खरंच लावून दिलं, कर्ज काढून.

आणि 'कावळा शिवला' म्हणून माईला दर महिन्याला कोपऱ्यात बसवायचे, तेही याच घरात. घाटावर त्यानं शिवावं म्हणून ताटकळायचं आणि घरात त्याच्याच नावानं बाईचं ताट वेगळं करायचं. याची बाजू मी घेणार नाही. आत्या अजून घेते, तिच्याशी वाद घालू नकोस.

एक गंमत सांगू? १९७४ साली आपल्याकडचा, राखाडी मानेचा घरकावळा इथल्या डनमोर ईस्टच्या बंदरात येऊन पोचला होता, बहुतेक जहाजावर बसून. काही वर्षं राहिलाही तिथे.

यंदा पितृपक्षात मी मागच्या भिंतीवर अण्णांचं पान ठेवणार आहे. तू यायलाच हवंस असं काही नाही. शेजारच्या आजींना मात्र आधी सांगून येऊ, नाहीतर भिंतीवर कावळ्यांची रांग बघून त्या घाबरतील.

आई